लावणी, पदर आणि बाईंचा रेडिओ

मागच्या उन्हाळ्यात पुण्याची नात सुट्टीला जालन्यात आली होती. दिवसभर कानात त्या बोळ्या घालून बसलेली. मी एकदा विचारलं, "काय गं ऐकतेस एवढं?" तर म्हणाली, "टेलर स्विफ्ट. पॉप स्टार आहे, आजी." मग तिनं मला समजावून सांगितलं की पॉप स्टार म्हणजे जिची गाणी सगळ्या जगाला पाठ असतात, जिच्यासारखं पोरींना व्हावंसं वाटतं आणि जिच्यावरून घराघरात भांडणं होतात! आणि लगेच पुढचा प्रश्न, "तुमच्या वेळी कोण होतं गं?"

तिला वाटलं मी लताबाईंचं नाव घेईन, नाहीतर आशाबाईंचं. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "सुलोचना चव्हाण."

नातीला नाव ठाऊक नव्हतं. 'सोळावं वरीस'चे पहिले शब्द म्हणून दाखवले, तर म्हणाली, "अय्या, यावर तर आमच्या शाळेत गॅदरिंगला डान्स होता!" मी गप्पच बसले. का, ते पुढे सांगते. त्या दिवसापासून मनात होतं की बाईंवर एकदा नीट लिहायचं. थोडा इतिहास, थोड्या आठवणी आणि एक कबुलीजबाबही. घरच्या मंडळींना यातलं थोडंफार ठाऊक असेल, पण सगळं कुणालाच नाही.

तर आधी बाईंविषयी.

सुलोचनाबाई माहेरच्या कदम. मुंबईत गिरगावच्या फणसवाडीत, चाळीत वाढलेल्या. जन्म विसाव्या शतकाच्या तिशीच्या दशकातला. त्या काळात गणपतीत मुलामुलींचे मेळे असायचे, गाणी, संवाद, छोटी नाट्यं करणारे. त्यांच्या घरचाच श्रीकृष्ण बाळमेळा होता. गाण्याची सुरुवात तिथली. कुणा उस्तादाकडे गंडा बांधून शिकणं वगैरे झालं नाही. ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकायच्या आणि तसंच्या तसं म्हणायचं, हीच शाळा. त्या तबकड्यांत लावण्याही होत्या. मुलगी लावणी गुणगुणते म्हणून आई रागवायची, ही आठवण बाईंनी पुढे सांगितली आहे. लक्षात घ्या, जी मुलगी पुढे 'लावणीसम्राज्ञी' झाली, तिच्या स्वतःच्या घरात लावणी म्हणायला बंदी होती!

चित्रपटात गायला लागल्या त्या अगदी लहान वयात, श्यामबाबू पाठक यांच्याकडे. पुष्कळांना हे ठाऊक नसतं की लावणीच्या आधी त्यांचं हिंदीत चांगलं नाव होतं. 'सुलोचना कदम' या नावानं. १९५१ साली 'ढोलक' नावाचा हिंदी चित्रपट आला, संगीत श्यामसुंदर यांचं. त्यातली त्यांची गाणी जुन्या हिंदी गाण्यांचे शौकीन आजही शोधून शोधून ऐकतात. ती ऐकली तर विश्वास बसत नाही की हा तोच गळा. किती हळुवार, किती नितळ! म्हणजे ठसक्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं म्हणून ठसका, असं नव्हे. सगळं येत होतं, त्यातून ठसका निवडला.

मग आचार्य अत्रे यांचा 'हीच माझी लक्ष्मी' आला. त्यात वसंत देसाईंच्या संगीतात बाईंनी लावणी म्हटली, पडद्यावर हंसा वाडकर. 'लावणीसम्राज्ञी' ही पदवी अत्र्यांनीच दिली आणि ती जन्मभर टिकली. 'कलगीतुरा' चित्रपटाच्या निमित्तानं दिग्दर्शक शामराव चव्हाण यांच्याशी ओळख झाली आणि पुढे लग्न. कदमांच्या सुलोचना चव्हाणांच्या झाल्या. आपल्याला लावणी शिकवली ती नवऱ्यानं, असं त्या सांगत. शब्द कुठे दाबायचा, कुठे सोडायचा, कुठे नुसता श्वास घ्यायचा, हे शामराव समजावून द्यायचे.

मला यात एक मोठी गंमत वाटते. त्या काळात नवऱ्यानं बायकोचं गाणं बंद केल्याच्या गोष्टी आपण घरोघर ऐकल्यात. बहुतेक घरांत हार्मोनियम लग्नानंतर माळ्यावर गेली. इथे नवराच बायकोला शिकवतोय, आणि काय? तर लावणी!

आता लावणीविषयी दोन शब्द, नाहीतर नव्या पिढीला यात एवढं काय होतं ते कळणार नाही.

लावणी आपल्याकडे फार जुनी. पेशवाईच्या उत्तरकाळात राम जोशी, अनंत फंदी, होनाजी, सगनभाऊ, परशराम, प्रभाकर अशा शाहिरांनी ती नावारूपाला आणली. राम जोशी तर सोलापूरचे ब्राह्मण, कीर्तनकाराच्या घरातले. शाहीर पुरुष, पण ती गाऊन, नाचून जिवंत ठेवणाऱ्या बायका मात्र कोल्हाटी आणि अशाच इतर समाजांतल्या. दोन प्रकार प्रामुख्यानं सांगतात. एक फडाची, म्हणजे तमाशाच्या बोर्डावर उभं राहून, ढोलकी-हलगीच्या कडकडाटात म्हणायची. दुसरी बैठकीची, म्हणजे बसून, मोजक्या रसिकांपुढे, तबला-पेटीवर अदा करत. दोन्हींना ऐकणारे पुरुषच. घरातल्या बाईनं तिकडे फिरकायचं नाही. जत्रेत एका अंगाला देऊळ आणि दुसऱ्या अंगाला तमाशाचा तंबू. बाया देवळाकडे, गडी तंबूकडे. मधली वाट आमच्यासाठी बंद.

माझं बालपण परतूर तालुक्यातलं. तेव्हा जालना जिल्हा नव्हता, आम्ही परभणी जिल्ह्यात. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, १९५६ ला मुंबई राज्यात आला आणि १९६० ला महाराष्ट्रात. आमचे वडील गावचे पटवारी. शिकले उर्दूतून, दप्तर उर्दूतलं, पण पहाटे हरिपाठ चुकायचा नाही. त्यांच्या पिढीला मुंबई-पुणं म्हणजे परमुलूखच होता. आमच्या कानांना महाराष्ट्र कसा मिळाला म्हणाल, तर रेडिओतून!

१९६५ च्या लढाईच्या बातम्या ऐकायच्या म्हणून वडिलांनी रेडिओ आणला. मोठं लाकडी खोकं, त्याला विटेएवढी बॅटरी, आणि वर पोस्टातून काढलेला परवाना. हो, रेडिओलाही तेव्हा परवाना लागायचा, दरवर्षी पैसे भरून. बातम्यांपुरता लावायचा, असा हुकूम. पण वडील पाहणीसाठी शिवारात गेले की आई जात्यावरून उठायची, हात पदराला पुसायची आणि खुंटी पिळायची. खरखर व्हायची, मध्येच दुसरं स्टेशन घुसायचं, आणि त्या सगळ्या खरखरीतून वाट काढत एक आवाज यायचा. धारदार, खणखणीत, थोडासा नाकात, शब्दाच्या शेवटी हलकेच झटका देणारा.

आई गाणं म्हणायची नाही. फक्त ऐकायची. ऐकताना तिच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते मी एरवी कधी पाहिलं नाही. वडिलांची चाहूल लागली की खुंटी परत बातम्यांवर!

आणि लग्नसराईत तर विचारूच नका. मांडवावर कर्णा बांधलेला, खाली तबकड्यांचा ढीग. सनई झाली की भजन आणि मंगलाष्टकं आटोपली की बाईंची लावणी. कर्णेवाल्याला सगळ्या गावाची नस ठाऊक असायची. म्हातारे कपाळाला आठ्या घालायचे, पण कर्णा बंद करा असं कुणी म्हणायचं नाही.

तर हे जे घडलं ते कसं घडलं?

१९४७ साली 'लोकशाहीर राम जोशी' येऊन गेला होता, १९५९ साली 'सांगत्ये ऐका' आला. पुण्याच्या विजयानंद टॉकीजमध्ये तो शंभराहून जास्त आठवडे चालला. त्यातली गाजलेली लावणी आशाबाईंची. त्यानंतर तमाशापटांची रांगच लागली. १९६२ साली 'रंगल्या रात्री अशा' आला. वसंत पवारांचं संगीत आणि गीतकार म्हणून जगदीश खेबुडकर हे नवं नाव. त्यातली कोल्हापूरच्या बाईची लावणी सुलोचनाबाईंनी म्हटली आणि मग त्यांना मागे वळून पाहावं लागलं नाही. १९६४ ला अनंत माने यांचा 'सवाल माझा ऐका', १९६५ ला 'मल्हारी मार्तंड'. पडद्यावर जयश्री गडकर, गळा सुलोचनाबाईंचा. 'मल्हारी मार्तंड'मधली ती जरतारी पदराची लावणी गदिमांची. चित्रपटाबाहेर राजा बढे यांची, श्रीनिवास खळे यांनी चाल दिलेली 'कळीदार कपुरी पान'. ही बैठकीच्या लावणीच्या अंगानं जाणारी, ठसका कमी आणि नजाकत जास्त. ज्यांनी बाईंच्या फक्त फडाच्या लावण्या ऐकल्यात त्यांनी ही जरूर ऐकावी.

इथे एक गोष्ट शिक्षकी पेशातली म्हणून मला मुद्दाम सांगायची आहे. जगदीश खेबुडकर व्यवसायानं शिक्षक होते! दिवसा मुलांना शिकवायचं आणि इकडे महाराष्ट्राला वेड लावणाऱ्या लावण्या लिहायच्या. गदिमांनी 'गीतरामायण' लिहिलं आणि लावण्याही लिहिल्या. त्यांना त्यात विसंगती वाटली नाही. ती वाटायची आम्हाला.

मी बाईंना एकदाच प्रत्यक्ष ऐकलं, बीए झाल्यावर, काकांकडे मुंबईला गेले होते तेव्हा. मनात काय काय चित्र रंगवलं होतं! आणि स्टेजवर आल्या त्या आपल्या मावशी-आत्यासारख्या. नऊवारी नव्हे, साधी गोल साडी, दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतलेला पदर, कपाळाला ठसठशीत कुंकू. माइकसमोर उभ्या राहिल्या. हात जागचे हलले नाहीत, नजर इकडची तिकडे झाली नाही. आणि तोंड उघडलं तर... सगळं सभागृह हललं. जे काही करायचं ते फक्त आवाजानं. डोळा मोडणं, मान वेळावणं, पदर झटकणं, सगळं आवाजात. डोळे मिटले की समोर नाचणारी बाई दिसायची आणि उघडले की देवघरातून उठून आलेली गृहिणी.

त्या पदराची पुढे खूप चर्चा झाली. बाईंनी कार्यक्रमांच्या मिळकतीतून शाळांना, देवळांना, संस्थांना हात सैल सोडून मदत केली हेही लोक सांगतात. थोडक्यात, लावणी म्हणणारी बाई 'चांगल्या घरातली' असू शकते हे त्यांच्याकडे पाहून मध्यमवर्गाला पटलं. तबकडीत नाचणारीचं अंग नसतं, नुसता आवाज असतो. तो आवाज स्वयंपाकघरात जाऊ शकतो, माजघरात जाऊ शकतो. तमाशाच्या तंबूत ज्या बायकांना पाय ठेवता आला नसता, त्यांच्यापर्यंत लावणी चालत गेली. माझ्या मते बाईंचा सगळ्यात मोठा परिणाम हाच. पुरुषांसाठी रचलेलं गाणं त्यांनी बायकांच्या कानापर्यंत आणलं. आणि बायकांनी त्यात आपलं काहीतरी ऐकलं. आई काय ऐकत होती हे मी तिला कधी विचारलं नाही. पण लावणीतली बाई बोलते ना! मागते, अडवते, रुसते, सुनावते. आमच्या घरात आईला असं बोलता येत नव्हतं. ती बोलायचं काम तो रेडिओ करायचा, असं मला आता वाटतं.

आता कबुलीजबाब.

१९८१ च्या १ मे ला जालना जिल्हा झाला. त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मी अंबड तालुक्यातल्या एका गावात शाळेवर होते. गाव आणि शाळा यांचं नाव घेत नाही, कारण चूक माझी होती. गावात मी भाड्याची खोली घेऊन एकटी राहायची, यजमान जालन्याला. सोबतीला रेडिओ. तोवर ट्रान्झिस्टर आले होते. संध्याकाळी दार लोटून, आवाज बारीक करून 'आपली आवड' ऐकायची. त्यात बाईंची लावणी लागली की कोण आनंद!

स्नेहसंमेलनाच्या तयारीत सातवीतली एक मुलगी माझ्याकडे आली. शेतमजुराची पोर, दोन वेण्या, फाटकं दप्तर. "बाई, मला गाणं म्हणायचंय." म्हण म्हटलं. आणि तिनं सुरू केली बाईंची लावणी. ठसक्यासकट! हरकतीसकट! शब्दाच्या शेवटचा तो झटका, तोसुद्धा जिथल्या तिथे.

वर्गातली मुलं आधी हसली, मग गप्प झाली. मला क्षणभर आमच्या घरचा तो लाकडी रेडिओच आठवला. आणि दुसऱ्या क्षणी आठवले हेडसर, गावचे पुढारी, पहिल्या रांगेत बसणारे पाहुणे. मी कडवं पुरं होऊ दिलं नाही. म्हणाले, "ही गाणी शाळेत म्हणायची नसतात. कुठून शिकलीस हे?" ती काही बोलली नाही. खाली मान घालून उभी राहिली. मी तिला एक देशभक्तीपर गीत दिलं. तिनं ते पाठ केलं, संमेलनात म्हटलंही. सूर नीट होता, पण जीव नव्हता. पुढच्या वर्षी ती शाळेत आली नाही. लग्न झालं म्हणे.

लग्न काही माझ्यामुळे झालं नाही, हे मला कळतं. तेव्हा आमच्याकडे मुलींची शाळा सातवीलाच संपायची. पण त्या दिवशी मी जे केलं ते माझ्या वडिलांनी केलं होतं तेच होतं. फरक एवढाच की वडील निदान लावणी ऐकत तरी नव्हते!

बाईंच्या कीर्तीची दुसरी बाजूही इथे सांगायला हवी. आम्ही पदर घेतलेल्या सुलोचनाबाईंना मान दिला, पण ज्या बायांनी पिढ्यानपिढ्या लावणी सांभाळली त्यांना दिला का? वाईच्या यमुनाबाई वाईकर कोल्हाटी समाजातल्या. बैठकीची लावणी त्यांच्याइतकी जाणणाऱ्या थोड्या. २०१८ साली त्या गेल्या तेव्हा वर्तमानपत्रांतून लेख आले. पद्मश्री त्यांनाही मिळाली, पण उतारवयात. तमाशाच्या बोर्डावर आयुष्य काढलेल्या विठाबाई नारायणगावकर २००२ साली गेल्या. गाव त्यांच्या तमाशाला लोटायचा, पण अखेरचे दिवस हलाखीत गेले. आता सरकार त्यांच्या नावानं पुरस्कार देतं. लावणीला घरात यायला परवानगी मिळाली, पण लावणीवाल्या बाईला उंबरठ्याबाहेरच ठेवलं. आवाज आत, माणूस बाहेर. यात सुलोचनाबाईंचा काही दोष नाही. त्यांनी जे करता येण्यासारखं होतं ते केलं. दोष ऐकणाऱ्यांचा. म्हणजे आमचाच.

पुढचं सगळं तुम्हाला माहीत आहे. तमाशापटांची लाट ओसरली, पण बाईंच्या लावण्या ओसरल्या नाहीत. ऑर्केस्ट्रात, गणपतीत, हळदीत, जत्रेत वाजतच राहिल्या. २०१० च्या सुरुवातीला 'नटरंग' आला आणि बेला शेंडेंच्या आवाजातल्या लावण्यांनी नव्या पोरांना वेड लावलं. संगीत अजय-अतुल यांचं. ती गाणी ऐकताना मला पावलोपावली सुलोचनाबाई आठवायच्या. नक्कल म्हणून नव्हे. लावणी गाताना शब्द असा फेकायचा असतो, हे आता सगळ्यांच्या कानात इतकं पक्कं बसलंय की वेगळं गायलं तर ती लावणीच वाटत नाही! बाईंचे चिरंजीव विजय चव्हाण ढोलकीवादनात नावाजलेले. म्हणजे ताल घरातच राहिला.

आणि शाळा? आता कोणत्याही गावच्या संमेलनाला जा. दुसरी-तिसरीतल्या पोरी नऊवारी नेसून, आंबाडा घालून लावणीवर नाचतात. आया पहिल्या रांगेत उभ्या राहून मोबाईलवर चित्रण करतात. मास्तरच गाणं निवडून देतात. बक्षीसही मिळतं. माझ्या नातीनं "आमच्या शाळेत डान्स होता" म्हटलं तेव्हा मी गप्प का झाले, ते आता कळलं असेल.

बाईंना मान मिळाले, थोडे उशिरानं का होईना. राज्य शासनाचा लता मंगेशकर पुरस्कार मिळाला, संगीत नाटक अकादमीचा मिळाला. 'माझं गाणं, माझं जगणं' हे आत्मकथन आलं. २०२२ साली पद्मश्री मिळाली. आणि त्याच वर्षी १० डिसेंबरला मुंबईत त्या गेल्या. टीव्हीवर बातमी चालू होती, खाली पट्टी फिरत होती. मी उठून देवापुढे दिवा लावला. सूनबाईंनी विचारलं, "कोण गेलं?" काय सांगणार? म्हटलं, "आईच्या ओळखीच्या होत्या."

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी अंबडला एका लग्नाला गेले होते. मत्स्योदरी देवीचं दर्शन घेऊन कार्यालयात आले. जेवणाच्या पंगतीत वाढणाऱ्या बायांतली एक माझ्यापुढे थबकली. "बाई, वळखलं का?"

मी ओळखलं नाही. केस पिकलेले, अंग भरलेलं. पण तिनं गावाचं नाव घेतलं आणि माझा घास हातातच राहिला. मी तिला बाजूला बसवलं. तीन लेकरं, दोन सुना, एक नातू. नवरा वारला. बचत गटाचं काम बघते. बायांच्या बैठकीत गाणी म्हणते म्हणाली, भलरी, ओव्या, भारुडं, जे येईल ते.

मी म्हटलं, "त्या दिवशी मी तुला लावणी म्हणू दिली नाही. चुकलंच माझं."

ती हसली. तिला गोष्ट आठवत होती, पण माझ्यासारखी नव्हे. म्हणाली, "बाई, तुमी इचारलं व्हतं ना, कुठून शिकलीस म्हणून? म्या सांगितलं न्हाई. तुमच्याच रेडूवर ऐकलं व्हतं की! तुमच्या खोलीमागं आमचा उकिरडा. सांजंला शेण टाकायला यायची अन् तिथंच हुबी ऱ्हायची. म्हटलं, बाईला हे गाणं लई आवडतं. म्हणून दाखवावं."

मंडळी, मी काय बोलणार?

म्हणजे दार लोटून, आवाज बारीक करून मी जे चोरून ऐकत होते, ते भिंतीपलीकडे एक पोर उभी राहून शिकत होती. ती मला खूश करायला आली होती. आणि मी तिला विचारत होते, कुठून शिकलीस!

पंगत उठली, बायका पत्रावळी गोळा करायला लागल्या. मी तिला म्हटलं, "म्हण ना आता." ती लाजली. "आता? इथं?" म्हणाली. मग इकडे तिकडे बघितलं, पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला (बाईंसारखाच! कुठे पाहिलं असेल कोण जाणे) आणि हळू आवाजात दोन ओळी म्हटल्या. आवाज जाड झाला होता. वरचा सूर लागला नाही. पण शब्दाच्या शेवटचा तो झटका मात्र तस्साच, जिथल्या तिथे.

तिला वाढायला हाक आली आणि ती गेली.

नातीला ही सगळी गोष्ट सांगितली त्या रात्री. तिनं कानातली एक बोळी काढून माझ्या कानात घातली, फोनवर बाईंची लावणी शोधून लावली. खरखर नाही, दुसरं स्टेशन घुसत नाही, काही नाही. इतकं स्वच्छ मी ते गाणं कधी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "अगं, ती बोळी काढ आणि मोठ्यानं लाव. दारही उघड."

असो. फार लांबलं. आपल्याकडे कुणाजवळ बाईंच्या जुन्या तबकड्या असतील, किंवा त्यांचा कार्यक्रम प्रत्यक्ष ऐकल्याच्या आठवणी असतील, तर जरूर कळवा. आणि घरात एखादी पोर काही गुणगुणत असेल, तर तिला कडवं पुरं करू द्या, एवढंच सांगणं.